पळी तळापर्यंत जावी

नाताळची धामधूम ओसरली की वसईच्या पट्ट्यात थंडी खऱ्या अर्थाने उतरते. उत्तरेकडच्या माणसाला ही थंडी म्हणजे निव्वळ थट्टा वाटेल. पण समुद्राकाठच्या दमट हवेत वाढलेल्या आपल्या अंगाला पंधरा-सोळा अंशांवर आलेला पारा पुरेसा बोचतो. विहिरीवरचा पंप पहाटे चालू करणाऱ्या शेतकऱ्याला आणि भाजीच्या टोपल्या घेऊन पहिली लोकल पकडणाऱ्या भगिनीला विचारावे, म्हणजे या थंडीची खरी ओळख पटेल. अशा दिवसांत संध्याकाळी आम्ही घरभेटींसाठी निघतो, तेव्हा घराघरांतून लसणीच्या फोडणीचा वास येत असतो. चुलीवर किंवा गॅसवर एखादा टोप रटरटत असतो. कुठे मुगाचे कढण, कुठे कुळथाचे, कुठे मसूर आणि लाल भोपळा एकत्र शिजवून घोटलेले सूप. वाफाळलेली वाटी दोन्ही हातांत धरली की आधी हात ऊबदार होतात, मग घसा आणि मग मन.

या साध्या वाटीविषयी एक नैतिक प्रश्न आमच्या मनात गेली काही वर्षे घर करून आहे. महागाईच्या दिवसांत टोपात पाणी वाढवावे लागते, हे कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. पण वाढवलेले ते पाणी शेवटी कोणाच्या वाटीत जाते? प्रश्न स्वयंपाकघरातला आहे खरा, परंतु त्याची पाळेमुळे फार दूरवर पसरली आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम 'सूप' या शब्दाकडे वळू. हॉटेलच्या पाटीवर वाचल्यामुळे हा शब्द आपल्याला साहेबी वाटतो. वास्तविक संस्कृतात 'सूप' म्हणजे शिजवलेल्या डाळीचे कालवण, आणि 'सूपकार' म्हणजे स्वयंपाकी. युरोपातील शब्दाचे मूळ वेगळे आहे. तिकडे रश्श्यात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याला त्या नावाने ओळखत. दोन्ही शब्दांचा उच्चार जुळावा, हा योगायोग. पण दोन्हींचा पोशिंदा एकच, तो म्हणजे गरीब माणूस. इकडे त्याच्याजवळ मूठभर डाळ होती, तिकडे शिळा पाव होता. दोघांनीही त्यात पाणी ओतले, विस्तव पेटवला आणि घर जगवले. पाण्यात उकळून तेच पाणी पिण्याच्या या युक्तीत शहाणपणही आहे. भाजी उकडून पाणी फेकले तर त्या पाण्यात विरघळलेली 'क' आणि 'ब' वर्गातील जीवनसत्त्वे व क्षार मोरीत जातात; सुपात ती बव्हंशी टोपातच राहतात. ज्याला काहीच फेकून देणे परवडत नाही, त्याने शोधलेले हे अन्न आहे.

आता महागाईविषयी. तिच्या आठवणी आपणा सर्वांच्या ताज्या आहेत. १९९८ साली कांदा इतका भडकला की त्या वर्षअखेरच्या दिल्लीच्या निवडणुकीत त्याचा झणका सत्ताधाऱ्यांना लागला. २०१५ मध्ये तूरडाळीने किलोमागे २०० रुपयांची मजल गाठली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने अनेक शहरांत तोच आकडा दाखवला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात लसूण किलोमागे ४०० रुपयांच्या घरात गेली. नीट पाहिले तर यांतील एकूणएक जिन्नस सुपाच्या टोपात पडणारा आहे. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले आहे. ही मोठीच सोय होय. पण तांदूळ आणि गहू घरात आले, तरी भातावर घ्यायचे जे पातळ, त्याचे पैसे मोजावेच लागतात. पोट भरण्याची तरतूद झाली. अंग भरण्याची मात्र ज्याच्या-त्याच्या खिशावर राहिली.

महागाईची दुसरी बाजूही आपल्या वाचकांना सांगावी लागत नाही, कारण आपल्यापैकी पुष्कळांची घरे वाडीवरच उभी आहेत. ज्या २०२३ सालात जुलैमध्ये टोमॅटो सोन्यासारखा जपला गेला, त्याच वर्षी सप्टेंबरात तो बाजारात मातीमोल झाला आणि शेतकऱ्यांनी वैतागून रस्त्यावर ओतला. तेव्हा भाजी महाग झाली म्हणून पिकवणाऱ्याला दूषणे देणे हा अन्याय आहे, आणि भाजी स्वस्त झाली म्हणून निर्धास्त होणे हाही विचार न करण्याचाच एक प्रकार आहे. हिवाळ्यात गाजर, मटार, मुळा, टोमॅटो, पालेभाज्या यांची आवक वाढते. त्या वेळी जे मुबलक असेल ते टोपात घालावे, यात ग्राहकाचेही हित आहे आणि शेतकऱ्याचेही. पाकिटातली तयार पूड स्वस्त पडते असे काही जण म्हणतात. पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, ती एकदा वाचावी. मक्याचे पीठ, साखर आणि मीठ ही नावे कितव्या क्रमांकावर आहेत ते पाहावे, आणि मग स्वस्त कशाला म्हणायचे ते ठरवावे.

पण आमचा प्रश्न पाण्याचा होता. त्यासाठी थोडा हिशेब करू. १०० ग्रॅम कोरड्या मसूरडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. घरातल्या मध्यम वाटीत १५० ग्रॅम डाळ मावते असे धरले, तर टोपात ३६ ग्रॅम प्रथिने पडली. भोपळ्याची एक फोड, दोन टोमॅटो, एक कांदा, लसणीच्या चार पाकळ्या, मिरपूड, मीठ आणि आठ वाट्या पाणी घातले की चौघांचे सूप झाले. प्रत्येकाच्या वाट्याला ९ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साधारण दीड अंड्याइतकी. इतक्यात दोन पाहुणे आले. गृहिणीने चार वाट्या पाणी ओतले, चिमूटभर मीठ वाढवले, एक उकळी आणली. आता सहा जणांना प्रत्येकी ६ ग्रॅम मिळतात, म्हणजे एका अंड्याइतकी. पाण्याने टोप वाढला. डाळ वाढली नाही. हे गणित कोणत्याही प्रेमाने बदलत नाही. प्रेमाने एवढेच ठरते की ही घट कोणी सोसायची.

आणि इथे एक गोष्ट ध्यानात येते. डाळ तळाशी बसते. सहा जणांनी सारखी घट सोसायची असेल, तर पळी दर वेळी तळापर्यंत नेऊन ढवळावी लागते. पळी वरच्यावर फिरली तर एकाला निवळ पाणी मिळते आणि दुसऱ्याला दाट. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सर्वांच्या वाट्या सारख्याच भरलेल्या दिसतात.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. लसूण महागली त्याच हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही संध्याकाळी गेलो होतो. घरधनी रंगकाम करणारे, पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आजी. जेवणाचीच वेळ होती. आम्ही उठू लागलो तेव्हा आजी म्हणाल्या, "फादर, वाटीभर कढण तरी घ्या, थंडी आहे." नको म्हणणे हा त्या घराचा अपमान झाला असता. आम्ही बसलो. आतून तांब्यातले पाणी टोपात पडल्याचा आवाज आला, आणि आम्हांस मनातल्या मनात बरे वाटले. पाहुण्यासाठी पाणी वाढवणारे घर म्हणजे जिवंत घर, असेच आम्ही आजवर मानत आलो होतो.

आमची वाटी आली ती दाट होती. डाळ होती, भोपळ्याच्या फोडी होत्या, वर तुपाचा थेंबही होता. घरधन्यांची आणि मुलांची वाटी जवळपास तशीच. आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसून पीत होत्या. त्यांना नीट दिसत नसल्याने वाटी थोडी कलंडली आणि जमिनीवर सांडले ते पिवळसर पाणी होते. सून फडके घेऊन धावली. "तू घेतलेस का?" असे आम्ही विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "मी मागाहून घेते, फादर." निघताना हात धुवायला आम्ही मोरीकडे गेलो. टोप मोरीजवळ पालथा घातलेला होता. मागाहून घ्यायला काही उरलेच नव्हते.

त्या घरात कोणीही दुष्ट नव्हते. सुनेने सासूला मुद्दाम पातळ वाढले असे आम्ही म्हणणार नाही. आजींनी स्वतःच, "मला वरचेच दे, दाट पचत नाही" असे म्हटले असण्याचा संभव अधिक. पण दाट का पचत नाही, हे त्यांना कोणी विचारले असेल काय? पुष्कळदा म्हाताऱ्या माणसाला जे पचत नाही ते अन्न नसते; आपण घरावर भार आहोत हा विचार असतो. आणि सर्वांत दाट वाटी त्या घरात कोणाला मिळाली होती? आम्हांला, ज्यांना धर्मगुरू-निवासात परत गेल्यावर गरम जेवण मिळणारच होते. 'वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावे' असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. त्या दिवशी त्या थट्टेचा अर्थ आम्हांस लागला आणि ती थट्टा वाटेनाशी झाली.

घरातील या लहानशा टोपाला जगाच्या इतिहासात मोठी भावंडे आहेत, आणि तिथेही हाच प्रश्न उभा राहिलेला दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियाच्या सेवेत असलेल्या काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने म्युनिक शहरातील भिकाऱ्यांसाठी एक सूप तयार केले. बार्ली, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि पाव. कमीत कमी खर्चात आणि कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त लोकांना जेऊ घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण त्याची एक समजूत चुकीची होती. सुपातले पाणी हेच काही अंशी अन्न बनते, असे तो मानी. देणाऱ्याला ही समजूत फार सोयीची आहे. गरिबाच्या टोपात पाणी वाढवताना आपण अन्नच वाढवीत आहोत, असे समाधान तीतून मिळते.

त्याहून कटू उदाहरण आयर्लंडमधील दुष्काळाचे आहे. बटाट्याचे पीक कुजल्यामुळे १८४५ पासून तिथे जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. एप्रिल १८४७ मध्ये लंडनच्या एका नामांकित क्लबचे फ्रेंच आचारी अलेक्सी सॉयर यांनी डब्लिनमध्ये सुपाचे मोठे स्वयंपाकघर उघडले. एका वेळी शंभर जणांना आत घेत, घंटा वाजली की ते पीत आणि दुसरी घंटा वाजली की बाहेर पडत. चमचे मेजाला साखळीने बांधलेले होते. उद्घाटनाच्या दिवशी शहरातील प्रतिष्ठित मंडळी भुकेल्यांना जेवताना पाहण्यासाठी पैसे भरून आली होती. त्या सुपात पोषण पुरेसे नाही, अशी टीका तेव्हाच्या वैद्यकीय जाणकारांनी केली. तरीही एवढे मान्य केले पाहिजे की त्या उन्हाळ्यात सरकारी स्वयंपाकघरांतून दररोज सुमारे तीस लाख लोकांना शिधा मिळाला आणि त्याने असंख्य जीव वाचले. दुःख याचे की शरद ऋतूपर्यंत ती स्वयंपाकघरे बंद करण्यात आली.

त्याच काळात काही ठिकाणी सुपाच्या बदल्यात कॅथलिकांनी आपला पंथ सोडावा, अशी अट घातली गेली. 'त्याने सूप घेतले' हा वाक्प्रचार आयरिश माणसाच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या शिवीसारखा राहिला. याउलट क्वेकर पंथीयांनी कोणतीही अट न घालता सूप वाटले, आणि त्यांचे नाव आजही तिथे कृतज्ञतेने घेतले जाते. ही कथा सांगून कोणा एका पंथाकडे बोट दाखवावे, हा आमचा हेतू नाही. आम्हांस बोट स्वतःकडे वळवायचे आहे. आज आपण नाताळात एखाद्या गरीब घरी शिधा नेतो आणि त्या घरातील माणसांना हातात पिशवी धरून उभे करतो, फोटो काढतो आणि तो चारचौघांत फिरवतो. तेव्हा डब्लिनमधील त्या पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांपेक्षा आपण कितीसे वेगळे आहोत? साखळी लोखंडाचीच असली पाहिजे असे नाही.

बायबलच्या वाचकाला येथे उत्पत्तीच्या पुस्तकातील मसुरीचे वरण आठवल्याशिवाय राहणार नाही. एसाव रानातून थकून, भुकेने व्याकूळ होऊन आला आणि याकोबाने एका वाटीच्या मोबदल्यात त्याचा ज्येष्ठत्वाचा हक्क विकत घेतला. आपण लहानपणापासून एसावाला अविचारी म्हणत आलो, आणि तो होताही. पण याकोबाचे काय? वरण घरचे होते, ताजे होते, ऊन होते. भावाची भूकही समोर दिसत होती. केवळ घरी शिजवल्याने अन्नात आपोआप माया उतरत नाही, हे ती कथा सांगते. घरचे अन्नही विकले जाऊ शकते. कधी हक्काच्या बदल्यात विकतात, कधी उपकाराच्या ओझ्याच्या बदल्यात, तर कधी 'या घरात राहायचे तर' अशा न बोललेल्या अटीवर.

मग करावे काय? महागाई आपल्या हाती नाही. पाहुण्याला परत पाठवणे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि बसूही नये. पाणी वाढवणे हे पाप नव्हे; ते तर आपल्या गरीब पूर्वजांचे औदार्य होते. आमचे म्हणणे एवढेच की पाणी वाढवले तर ते सर्वांच्या वाट्याला सारखे यावे, आणि त्यासाठी पळी तळापर्यंत जावी. जमल्यास पाण्याबरोबर मूठभर डाळही वाढवावी. कुकरला लावण्याआधी डाळ अर्धा तास भिजवली तर शिजायला वेळ कमी लागतो आणि गॅस वाचतो. शेवग्याचा पाला परसात असेल तर त्याला पैसे पडत नाहीत. या गोष्टी आमच्यापेक्षा आमच्या भगिनींना अधिक ठाऊक आहेत, म्हणून त्या आम्ही लांबवीत नाही.

एक गोष्ट मात्र घरातील पुरुषांना सांगण्यासारखी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तीत स्वयंपाकघराची सेवा सर्वांनी आळीपाळीने करावी असे सांगितले आहे. त्यात एक बारीकसा नियम असा की ज्यांची वाढण्याची पाळी असेल, त्यांना जेवणाच्या तासभर आधी नेहमीच्या वाट्याखेरीज थोडा पाव आणि पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता आणि त्रास न होता बांधवांना वाढू शकतील. सेमिनरीत असताना हा नियम आम्ही वाचला होता आणि विसरूनही गेलो होतो. त्या मोरीजवळच्या पालथ्या टोपाने तो आठवला. संन्याशांच्या मठात वाढणाऱ्याच्या भुकेची काळजी नियम करून घेतली गेली. आपल्या घरांत मात्र वाढणारीने मागाहून जेवावे आणि उरले तर जेवावे, यालाच आपण माया म्हणतो, तिची स्तुती करतो आणि त्या स्तुतीच्या आड आपली दाट वाटी संपवतो. आईचा त्याग थोर आहे यात शंका नाही. पण जो त्याग रोज एकाच माणसाने करायचा असे ठरून गेले आहे, त्याला त्याग म्हणावे की वहिवाट, याचा विचार व्हावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वाटीचा एवढा विचार कशाला? त्यावर आमचे उत्तर असे की टंचाई मोठ्या प्रमाणावर येते तेव्हा माणूस नवे काही शिकत नाही. तो घरी शिकलेलेच करतो. ज्या मुलाने लहानपणी आईला टोप ढवळून सर्वांना सारखे वाढताना आणि मग स्वतःची वाटी घेऊन शेजारी बसताना पाहिले, तो उद्या पतपेढीत, ग्रामसभेत किंवा कारखान्यात वाटणीच्या जागी बसेल तेव्हा त्याचा हात आपोआप तळापर्यंत जाईल. आणि ज्याने आजीची वाटी रोज निवळ पाहिली, त्याला जगातली निवळ वाटी दिसणारच नाही.

त्या घरी आम्ही पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. मधल्या काळात उपदेश असा काही केला नव्हता. धीर झाला नव्हता म्हटले तरी चालेल. या खेपेस आजींनी आग्रह केला तेव्हा आम्ही एवढेच म्हटले, "घेतो आजी, पण सगळे एकत्र बसणार असाल तर, आणि टोप इथे मध्ये आणून ठेवा." सून क्षणभर घुटमळली. मग टोप आला. घरधन्यांनी पळी हातात घेतली, थोड्या संकोचाने तळापासून ढवळली आणि पहिली वाटी आपल्या आईला दिली, दुसरी पत्नीला. आमची वाटी शेवटची होती. ती बरीच पातळ होती, कारण पाणी वाढवलेले होते, आणि सर्वांची तशीच होती. आजींनी दोन घोट घेतले आणि वाटी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"आज डाळ लागतेय," त्या म्हणाल्या.